कॅसेट तुमच्या, पण डब्यात भरलेले गेम कुणाचे?

प्रश्न : माझ्याकडे जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक आहे. तो आता चालू होत नाही, पण सोबतच्या गेमच्या मूळ कॅसेट जपून ठेवल्या आहेत. एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या संगणकासारखं वागायला लावणारा प्रोग्राम, घेऊन त्या कॅसेटचा आवाज संगणकात उतरवला आणि त्याच्या फाइली बनवल्या. काही कॅसेट खराब झाल्या होत्या, ते गेम नेटवरून घेतले आणि त्या नादात हजारो गेमचा एक अख्खा संचही उतरवला. पुढे छोट्या संगणकात एम्युलेटर आणि हा संच भरून तयार डबे ओळखीतल्या काही जणांना विकले. संचाची लिंकही सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. आता एका कंपनीची ईमेलवर नोटीस आली आहे. त्यातल्या काही गेमचे हक्क आमचे आहेत, लिंक काढा, किती डबे विकले ते कळवा, भरपाई द्या, असं त्यात म्हटलंय. मित्र म्हणतात, चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमवर कसला हक्क, त्या कंपन्या कधीच बुडाल्या. उत्तर देऊ की सगळं पुसून मोकळा होऊ?

उत्तर : काहीही पुसू नका. लिंक मात्र आत्ताच बंद करा, पुढचं त्यानंतर वाचा. लिंक बंद केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उलट नोटीस हातात पडल्यावरही ती चालू ठेवली, तर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव त्या दिवसापासून संपतो. फाइली, विक्रीचे निरोप, पैशांच्या नोंदी मात्र जशा आहेत तशा राहू द्या. नोटीस आल्यावर साफसफाई करणारा माणूस कोर्टाला प्रामाणिक वाटत नाही.

आधी एम्युलेटरबद्दल, कारण तुमचा सगळा घोर तिथेच अडकलेला दिसतो आणि तिथेच काळजीचं कारण सर्वांत कमी आहे. एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब वठवणारा प्रोग्राम लिहिणं बेकायदा नाही. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स या कंपनीला प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून कोर्टात खेचलं होतं, आणि २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण आपल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्येही कलम ५२ (१) च्या ‘एबी’ आणि ‘एसी’ या खंडांत, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला आणि प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यास करायला काही अटींवर मुभा आहे.

एम्युलेटरच्या पोटात असते ती रॉम हा वेगळा विषय. स्पेक्ट्रममधली ती १६ केबीची रॉम म्हणजे संगणकाच्या चिपमध्ये कायमचा भरलेला, कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम, आणि त्यावर कॉपीराइट आहे. १९८६ मध्ये स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणकांचा व्यवसाय ॲमस्ट्रॅड या कंपनीने विकत घेतला, आणि १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडच्या वतीने जाहीर करण्यात आलं की एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी रॉम सोबत द्यायला हरकत नाही, मात्र तिच्यातली कॉपीराइटची सूचना बदलू नये. हक्क आपल्याकडेच ठेवून दिलेली ही परवानगी आहे. म्हणून घरी खेळताना रॉमची चिंता करू नका, पण विकलेल्या डब्यांनाही ती आपोआप लागू होते असं धरून चालू नका. प्रत्येक जुन्या संगणकाला असं नशीब लाभलेलं नाही. त्याच काळातल्या कमोडोर ६४ या संगणकाची परवाना असलेली रॉम आजही विकतच्या पॅकेजमध्ये मिळते.

आता कॅसेट. कलम ५२ (१) चाच ‘एए’ खंड सांगतो की प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, तो त्या प्रतीवरून, ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामासाठी किंवा नाश-नुकसानीपासून बचाव म्हणून, दुसरी प्रत काढू शकतो. ‘एडी’ खंड स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढायला परवानगी देतो. तुम्ही कॅसेटचा आवाज उतरवून फाइल बनवलीत ती या दोन्हींत चपखल बसते. गेममधली चित्रं आणि संगीत प्रोग्रामपासून वेगळी धरून कुणी वाद घालू शकेल. वकील मंडळी घालतातही. पण घरात एकटा खेळणाऱ्या माणसाविरुद्ध तो वाद कोर्टात फार टिकेल असं मला वाटत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, उद्या मूळ कॅसेट विकून टाकलीत तर तिच्यावरून काढलेली फाइल जवळ ठेवण्याचा आधारही जातो.

खराब झालेल्या कॅसेटचे गेम नेटवरून घेतलेत, तिथे जमीन जरा निसरडी आहे. कायद्याचे शब्द ‘त्या प्रतीवरून’ असे आहेत, ‘तशाच दुसऱ्या प्रतीवरून’ असे नाहीत. कॅसेट तुमच्याकडे आहे ही गोष्ट तुमचा हेतू चांगला होता हे दाखवायला उपयोगी पडेल, पण परवानगी देणार नाही. आणि उरलेले हजारो गेम, ज्यांची कॅसेट तुम्ही कधी पाहिलीही नाही, त्यांना या दोन्ही खंडांत कुठेही थारा नाही. वैयक्तिक वापरासाठीची जी सर्वसाधारण सवलत कलम ५२ (१) (ए) मध्ये आहे, तिच्यातून तर संगणक प्रोग्राम शब्द घालून वगळले आहेत. पुस्तकाची चार पानं झेरॉक्स करणाऱ्याला जी सूट मिळते, ती तुम्हाला नाही.

मित्रांचं म्हणणं मी रोज ऐकते. आपल्या कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. परदेशी कृतींनाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथे संरक्षण मिळतं. १९८३ मध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी लिहिलेले गेम आहेत हे. त्यांच्यातले कितीतरी जण आज साठीच्या आसपास आहेत. हिशेब तुम्हीच करा. कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाही. तो धनकोंकडे, खरेदीदाराकडे किंवा मूळ लेखकाकडे जातो. कलम २१ नुसार हक्क सोडायचा तर लेखकाला तसं कॉपीराइट निबंधकांना किंवा जाहीर नोटिशीने कळवावं लागतं. गप्प बसणं म्हणजे सोडून देणं नव्हे. आणि जुना गेम म्हणजे मेलेला माल, हेही खरं नाही. १९८३ चा ‘जेटपॅक’ २०१५ मध्ये रेअर कंपनीच्या जुन्या गेमच्या संग्रहातून एक्सबॉक्सवर पुन्हा विकला गेला.

खरं दुखणं डब्यांत आहे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हा कलम ६३बी खाली वेगळा गुन्हा आहे. त्यात किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे, पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि केवळ पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. कलम ६३ मध्येही नफा नसलेल्याला शिक्षा कमी करता येते. दोन्हीकडे सवलतीचा दरवाजा एकच आहे, आणि पैसे घेऊन डबे विकताना तो तुम्ही स्वतः लावून घेतलात. ‘मी फक्त संगणकाचे आणि मेहनतीचे पैसे घेतले, गेम फुकट दिले’ असं सांगायचा मोह होईल. सांगू नका. गेम नसते तर तो डबा कुणी घेतला असता?

तरी घाबरून लगेच पैसे भरू नका. नोटीस पाठवणाऱ्याकडे खरंच हक्क आहेत का, हे आधी पाहायला हवं. या धंद्यात कंपन्या एकमेकींनी गिळल्या. स्पेक्ट्रमच्या काळातली गाजलेली ओशन ही गेम कंपनी १९९६ मध्ये इन्फोग्राम या दुसऱ्या कंपनीकडे गेली, ते एक उदाहरण. अनेक गेमचे लेखक तर नोकरदार नव्हते, कॅसेट पाठवून मोबदला घेणारे होते, म्हणून मूळ करारात काय विकलं गेलं हाच पहिला प्रश्न. आपल्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं. उत्तर छोटं आणि वकिलामार्फत द्या : लिंक अमुक तारखेला बंद केली आहे, विक्री थांबवली आहे, आपण कोणत्या गेमवर हक्क सांगता त्यांची नावं आणि मालकीची कागदपत्रं पाठवावीत, तोवर आमचे सर्व हक्क राखून आहोत. किती डबे विकले तो आकडा पहिल्या पत्रात देऊ नका, आणि खोटा आकडा तर कधीच देऊ नका. कागद आलेच नाहीत आणि धमक्या चालूच राहिल्या, तर कलम ६० खाली बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध दावा करता येतो. पण तुमची बाजू पाहता तो मार्ग मी आवर्जून सुचवणार नाही. कागद खरे निघाले तर पुन्हा विक्री न करण्याचं लेखी हमीपत्र आणि माफक रकमेवर तडजोड, यातच तुमचं हित आहे. अशी प्रकरणं बहुधा इथेच मिटतात.

ज्यांनी डबे घेतले त्यांनाही आता लेखी कळवा की संचातले गेम वापरू किंवा वाटू नयेत, आणि पैसे परत करायची तयारी दाखवा. त्यांच्यापैकी कुणी उद्या साक्षीदार होऊ शकतं, हेही मनात असू द्या.

नेटवरून उतरवलेला संच एका वेगळ्या डिस्कवर काढून, बंद करून वकिलाकडे ठेवा आणि प्रकरण संपेपर्यंत उघडू नका. स्वतःच्या कॅसेटवरून बनवलेल्या फाइली मात्र खुशाल खेळा. फक्त प्रत्येक कॅसेटचे, तिच्या वेष्टनाचे आणि खरेदीचा काही कागद उरला असेल तर त्याचेही फोटो काढा, आणि कुठली फाइल कुठल्या कॅसेटवरून घेतली याची यादी याच आठवड्यात करून ठेवा.