पूर्वजांची चरित्रे लिहिण्यासाठी माहिती कोठून मिळवावी, आणि घरात झाकून ठेवलेल्या गोष्टी लिहाव्यात का?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मी आधी घेतो. आपण लिहिले आहे की पणजोबांच्याही मागची वंशावळ हाताशी आहे, आता त्या नावांमागची माणसे लिहायची आहेत, पण घरातील वडीलधारी म्हणतात की जुने विषय उकरू नयेत. माझे मत असे की उकरावेत, आणि वंशावळीत ज्यांना जागाच मिळालेली नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आमची वंशावळ माझ्या थोरल्या काकांनी अनेक वर्षे खपून तयार केली. तिच्यात पणजोबांच्या नावाशेजारी एकच पत्नी आहे, ती म्हणजे माझी पणजी. त्यांचे आधी एक लग्न झाले होते हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण त्या पहिल्या पत्नीविषयी पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आले होते: ‘पहिली नांदली नाही.’ ती माहेरी निघून गेली, मूलबाळ झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावत होतो. हे वाक्य मीही माझ्या मुलांना सांगितलेले आहे आणि त्याचे मला आज फार वाईट वाटते.

आत्याच्या घराचा माळा आवरताना एक पितळी घागर निघाली. तिच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे होती. चिंच लावून घासल्यावर एका मुलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि ‘शके १८३७’ एवढे वाचता आले. आत्या सहज म्हणाली, ‘ही पहिलीची घागर. आजी हिला कधी चुलीवर चढू द्यायची नाही.’ काकांनी वंशावळीसाठी गावोगावच्या पुरुषांना पत्रे लिहिली होती, पण स्वतःच्या सख्ख्या बहिणीला एक प्रश्नही विचारला नव्हता.

शके १८३७ म्हणजे इसवी सन १९१५-१६. त्या सुमारास लग्न झाले असे धरून मी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आमच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, पुढच्या वर्षांसाठी पानन्‌पान पाहिले. एरवी महिन्याला दोनतीन मृत्यू असणारे ते गाव. ऑक्टोबर १९१८ ची मात्र चार पाने भरलेली होती आणि तिसऱ्या पानावर अक्षर बदललेले होते. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा महिना. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि तरुण वयाच्या माणसांना, त्यातही गरोदर स्त्रियांना, तिने सर्वांत जास्त गाठले. तिसऱ्या पानावर मोडीत एक सासरचे नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची पत्नी, आणि पणजोबांचे नाव होते. वय १९, कारण ‘ताप’. दोन ओळी खाली त्याच घरची मुलगी, वय दोन दिवस. ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली.

ती माहेरी गेली नव्हती. ती आमच्याच घरात, बाळंतिणीच्या खाटेवर गेली होती आणि तिला मूलही झाले होते. ‘नांदली नाही’ हे वाक्य कोणी सुरू केले याचा तर्क मी चरित्रात लिहिलेला नाही, कारण त्याला कागदाचा आधार नाही.

काकांना नोंदीची प्रत दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘वंशावळ वंशासाठी असते, जिचा वंश पुढे गेला नाही, तिला कोठे बसवणार?’ मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो: जी वंशावळ केवळ ज्यांचा वंश चालला त्यांचीच नावे ठेवते, ती माणसांची नोंद नसून मालमत्तेच्या वारसांची यादी असते, आणि चरित्र लिहिणाऱ्याने ती यादी पुढे ठेवून बसू नये.

आता माहिती कोठून मिळवावी, याविषयी थोडक्यात. घरातील वृद्ध स्त्रियांशी सर्वांत आधी बोला आणि भांडी, ट्रंका, पोथ्यांची कोरी पाने नीट पाहा. जुने सातबारा आणि फेरफार यांच्या प्रती अनेक जिल्ह्यांपुरत्या राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर मिळतात, मात्र १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत वारस नोंदीत मुलींची नावे क्वचितच सापडतील. कोतवाल बुके तहसील कार्यालयांत असतात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तपासलेल्या अनेक कागदांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आलेल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या स्वतःच्या हातच्या सह्या मिळू शकतात, आणि तो अनुभव फार मोठा असतो. मोडी स्वतः शिका. पुराभिलेख संचालनालय त्यासाठी प्रशिक्षण वर्ग घेते. दुसऱ्याने वाचून दिलेल्या कागदावर चरित्र उभे करणे मला पटत नाही.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे एकट्या नावावरून निष्कर्ष काढू नका. माझ्याकडे पणजोबांचे नाव, घर आणि साल तिन्ही जुळत होते. नोंदीतले वय अंदाजाचे असते, आणि ‘ताप’ या शब्दाखाली तेव्हा कोणताही आजार लिहिला जाई, म्हणून तिचा मृत्यू साथीनेच झाला असे मी लिहिलेले नाही; साथीच्या महिन्यात झाला, एवढेच लिहिले आहे. आपले गाव मराठवाड्यातील असेल तर निजामी काळाचे बरेचसे कागद उर्दूत असतील आणि ही सगळी वाट बदलेल. जिवंत माणसांविषयी मात्र त्यांच्या संमतीवाचून एक ओळही लिहू नका; वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला तेवढ्यापुरते मान्य आहे.

तिची दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे, आता आमच्या घरच्या हस्तलिखितात शेजारी शेजारी आहेत. घागरीवरच्या गावाचे कोतवाल बुक पाहायचे अजून राहिले आहे. तिच्या जन्माची नोंद तेथे असेल तर ती १८९९ च्या आसपासची, म्हणजे दुष्काळाच्या सुमाराची असणार, आणि त्या तालुक्याला मी पुढच्या महिन्यात आत्याला बरोबर घेऊन जाणार आहे.