मोठी पोर होस्टेलला चालली, आता घरात मला करमेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमच्या मोठ्या पोरीचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, पुढच्या आठवड्यात तिला होस्टेलला सोडायचंय. गावात सगळे पेढे मागायला येतात, मी हसून देते, आणि आत चुलीपाशी येऊन रडते. मिस्टर म्हणतात अगं आनंदाची गोष्ट आहे, तोंड असं काय केलंय. सासूबाई तर सरळच म्हणतात, "काब रडस व? पोर शिकाले जाई ऱ्हायनी, सासरले नही." खरंय त्यांचं. पण ताई, ही पोरगी माझ्यासोबत पहाटे उठते, शेतावर लाईट कधी येणार ते बघून मोटार लावायची आठवण वडिलांना करून देते, बँकेचा मेसेज आला की वाचून दाखवते, पीकविम्याचं तीच मोबाईलवर बघते, आणि घरात काही बोलाचाली झाली की रात्री गच्चीवर माझ्याजवळ पडून सगळं ऐकून घेते. तिच्याशिवाय हे मी कुणालाच सांगत नाही. आता ती बादली, बेडशीट, एक्स्टेंशन बोर्ड अशी यादी करत बसलीये, खूश आहे, ते बघून बरंही वाटतं आणि आत काहीतरी टोचतंही. परवा मी सहज म्हटलं, जळगावलाच घेतलं असतं तर? ती गप्पच झाली. धाकटा नववीला आहे, तो आपला क्रिकेटमध्ये. मला असं वाटणं चुकीचं आहे का? तिला सोडायला मी जाऊ का नको, तिथं रडू आलं तर? आणि गेल्यावर दिवसातून किती वेळा फोन करायचा?

उत्तर : आधी सोडायला जायचं का तेवढंच सांगते, कारण तिकिटं काढायची असतील. जायचंच. तिचे वडील जातीलच, पण तुम्ही पण जा. तिची खोली बघा, कॉट कुठली ते बघा, खिडकी कुठं उघडते, बाथरूम किती लांब आहे, मेसमध्ये पोळी कशी देतात ते एकदा स्वतः खाऊन बघा. घरी आल्यावर रात्री अकराला तुमचं मन तिच्याकडे जाणारच आहे, तेव्हा त्याला जाऊन टेकायला जागा पाहिजे. न बघितलेल्या खोलीची काळजी फार मोठी होते. रेक्टर मॅडमना भेटा, त्यांचा नंबर घ्या, आणि जी मुलगी तिच्यासोबत राहणार तिच्या आईचा पण घ्या, ती बाई लातूरची असेल नाहीतर सांगलीची, ती पण तुमच्यासारखीच पदर सावरत उभी असणार, दोघी पाच मिनिटं बोला. तिथं रडू आलं तर येऊ द्या. आई रडली म्हणून आजपर्यंत कुठल्या मुलीची अॅडमिशन रद्द झालेली नाही.

आता चुकीचं आहे का, त्यावर. अजिबात नाही. आणि तुम्हाला एवढं जड का जातंय तेही सांगते, कारण ते तुमच्या घरातलं कुणी बोलणार नाही.

आपल्याकडे पोरगी घराबाहेर जायची ती एकाच वाटेनं, लग्न होऊन. त्या जाण्यासाठी सगळं तयार होतं. हळद लावायला बाया येतात, गाणी म्हणतात, पाठवणीच्या वेळी तुमच्यासोबत अख्खी गल्ली रडते, रडली नाही तर उलट लोक नावं ठेवतात. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि परत जाताना पुन्हा सगळ्याजणी डोळे पुसतात. म्हणजे आईचं दुःख वाटून घ्यायची सोय आपल्या बायांनी करून ठेवली होती. पण पोरगी कॉलेजला जाते तेव्हा काय आहे? पेढे आणि अभिनंदन. रडायला जागाच नाही, म्हणून तुम्ही चुलीपाशी जाऊन रडता. सासूबाईंचं वाक्य नीट ऐका, त्या रागावत नाहीयेत, त्यांच्या काळी पोर गेली म्हणजे सासरीच गेली, दुसरं जाणंच त्यांनी बघितलेलं नाही, म्हणून त्यांना वाटतं ही तर परत येणार आहे, मग कशाला रडायचं. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा, तुमचं लग्न झालं तेव्हा तुमची माय किती दिवस रडली? बघा त्या काय काय सांगतात.

आता खरी गोष्ट. पत्रात तुम्ही तिचं जे वर्णन केलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोटार, बँकेचा मेसेज, पीकविमा, आणि रात्री गच्चीवरचं ऐकून घेणं. ताई, तुमच्या घरातून फक्त लेक जात नाहीये, घरातली दुसरी बाई जातेय. मोठ्या पोरी अशाच होतात, विशेषतः आपल्या शेतीवाल्या घरांत. दहा-अकरा वर्षांची असतानाच तिला कळतं की आईला कुणीच नाहीये बोलायला, आणि ती हळूच ती जागा घेते, कुणी सांगत नाही, कुणी नको पण म्हणत नाही. त्यात तिचं प्रेम आहे, आणि तिच्या खांद्यावर वजनही आहे. तुम्हाला जे टोचतंय ते मला वाटतं हेच आहे, की ती हे वजन उतरवून ठेवताना खूश दिसतेय. ती तुमच्यावर खूश नाही असं नव्हे हो. अठराव्या वर्षी पहिल्यांदा तिला फक्त स्वतःपुरती यादी करायची आहे, बादली आणि बेडशीट, तेवढाच तो आनंद.

म्हणून जळगावचं पुन्हा काढू नका. कळकळीनं सांगते. जळगावचं शिक्षण काही कमी नाही, आपलं विद्यापीठ १९९० पासून आहे, अमळनेरचं प्रताप कॉलेज तर स्वातंत्र्याच्या आधीचं, घरी राहून शिकलेल्या आपल्या कितीतरी मुली आज कुठल्या कुठे पोचल्यात. पण तिनं पुणं निवडलंय, तिच्या मार्कांवर नंबर लागलाय. आणि अशा मुली आईनं दुसऱ्यांदा तेच म्हटलं की सीट सोडून देतात, वाद न घालता, हसतमुखानं. ती गप्प बसली त्याचा अर्थ मला तरी असा लागतो की ती मनात हिशोब करत होती, आई एकटी पडेल का म्हणून. आज-उद्यात तिला स्वतःहून सांगा, "तू जा, मला रडू येईल पण तू जा." दोन्ही सांगा. फक्त "जा" म्हटलं तर तिला वाटेल आईला काहीच वाटत नाही, आणि नुसतं रडलात तर तिचा पाय निघणार नाही.

जे दिवस हातात आहेत त्यात बॅग ती भरेल, तुम्ही तिच्याकडून कामं शिकून घ्या. बँकेचा मेसेज कुठला खरा आणि कुठला फसवायचा, फोनवरून पैसे कसे पाठवायचे, ओटीपी कुणालाच का सांगायचा नाही, गॅसचा नंबर कसा लावायचा, विम्याची पावती मोबाईलमध्ये कुठं ठेवलीये. एक शंभर पानी वही घ्या, तिच्या हातानं नको, तुमच्या हातानं लिहा, आणि ती समोर बसलेली असताना दोनदा करून बघा. तिलाही केवढं हलकं वाटेल, बघा तुम्ही. मोटारीची आठवण आणि वडिलांचे मेसेज हे धाकट्याकडे द्या, नववीतला पोरगा काही लहान नाही, बहीण एवढी असताना हे सगळं करतच होती ना. तो मुलगा आहे म्हणून त्याला क्रिकेट आणि ती मुलगी म्हणून तिला घर, हे आपण आयाच करतो बरेचदा. मात्र गच्चीवरचं बोलणं त्याच्याकडे देऊ नका. घरातली भांडणं ऐकायला आता तुम्हाला बरोबरीची बाई पाहिजे, बहीण असेल, भावजय असेल, शेजारची एखादी असेल जिच्या पोटात गोष्ट राहते. लेकीला फोनवर घरातल्या कटकटी सांगणं पहिले काही महिने तरी बंद ठेवा, ती सुमारे ४०० किलोमीटरवरून काही करू शकत नाही, नुसती रात्रभर जागी राहते आणि सकाळी प्रॅक्टिकलला जाते.

फोन किती वेळा, तर तिलाच विचारून एक वेळ ठरवा. मेसचं जेवण झाल्यावर बहुतेक मुलींना बरं पडतं. बाकी वेळी तिनं उचलला नाही तर ती लेक्चरला आहे असंच धरा, लागोपाठ मिस्ड कॉल देऊ नका, तिथल्या मैत्रिणींसमोर तिला अवघडल्यासारखं होतं. आणि फोनवर नुसतं जेवलीस का, झोपलीस का, अभ्यास केलास का असं विचारलं की हो, हो, हो एवढंच येतं आणि मग तुम्हाला वाटतं पोरगी बदलली. तुम्ही तुमचं सांगा. म्हैस व्याली, कपाशीवर यंदा अळी कमी आहे, समोरच्यांनी घराला कसला तरी भडक रंग दिलाय, आजीनं तुझ्या नावानं ज्वारीच्या पापडाचं, बिबड्याचं, अजून एक जास्त वाळत घातलं. गावाकडचं असं बारीकसारीक ऐकलं की मुली आपोआप बोलायला लागतात.

पहिल्या पंधरा दिवसांत एखाद्या रात्री ती रडत म्हणेल, मम्मी मला इथं नाही राहायचं, मला घ्यायला ये. बऱ्याच जणी म्हणतात. तेव्हा लगेच रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसू नका, आणि "तूच हट्ट केला होतास ना" हे तर चुकूनही तोंडातून काढू नका. ऐकून घ्या, उद्या परत बोलू म्हणा, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी आवाज वेगळा असतो. पण दोन-तीन आठवडे ती नीट खात नाही, झोपत नाही, कॉलेजलाच जात नाही, रोजच रडते असं वाटलं तर मात्र वाट बघू नका, जाऊन भेटा, रेक्टरशी बोला. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मनाला त्रास होत असेल तर बोलायला, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, तो तिच्या फोनमध्ये पण टाकून ठेवा आणि तुमच्या पण. तुमच्यासाठी सुद्धा आहे तो.

तुमच्या अमळनेरात तर होस्टेलच्या पोरांची माया काय असते हे वेगळं सांगायला नको. साने गुरुजी तिथं शाळेत शिक्षक होते तेव्हा छात्रालय सांभाळायचे, पोरांच्या खोल्या स्वतः आवरायचे, आजारी पोराजवळ बसायचे, असं जुने लोक अजून सांगतात. सगळीकडे तसे गुरुजी भेटत नाहीत हे मलाही कळतं, पण एखादी मेसवाली मावशी, एखादी सीनियर, कुणीतरी भेटतंच. असं कुणी भेटलं आणि ती फोनवर त्यांचं कौतुक करायला लागली की वाईट वाटून घेऊ नका.

सोबत काय द्यायचं तर बिबडे द्या, शेंगदाण्याची लाल चटणी द्या, शेव-चिवडा द्या, पण जास्त द्या, कारण तिच्या वाट्याला त्यातलं थोडंच येणार, बाकी रूममध्ये पहिल्याच रात्री संपतं आणि त्यातूनच मैत्रिणी होतात. कळण्याची भाकरी काही टिकायची नाही. ती दिवाळीला आली की करा, ज्वारी-उडदाचं पीठ ताजं दळून आणा, आणि तोपर्यंत भरताची वांगी पण यायला लागतात. दिवाळीचं तिकीट मात्र लवकर बघा, रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावला येते आणि तिथून तुमच्याकडे सुरतच्या लाइनची गाडी. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाव परवडत नाहीत.

प्रश्न : मी शहाद्याकडचा, शेती थोडी आहे. मोठ्या मुलीला छत्रपती संभाजीनगरला सीट मिळतेय. तिची आई दोन मनात आहे, पाठवायचंही आहे आणि जीव पण तुटतो. त्यात नातेवाईक म्हणतात मुलीवर एवढा खर्च कशाला. फीचं काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, आणि हे आधी मुलीच्या आईला सांगा, कारण बऱ्याच आयांची अर्धी घालमेल पैशाची असते आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत, आपल्यामुळे घर कर्जात जाईल असं त्यांना वाटत राहतं. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना हे आहे, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत पाहिजे आणि प्रवेश कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही, खासगी विद्यापीठात पण नाही, त्यामुळे कुणी एजंट "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे.

होस्टेल आणि मेसचा खर्च यात येत नाही. त्यासाठी तुमची जमीन अल्पभूधारकात बसत असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयंम योजना आहे. कुठली योजना कुठल्या खात्याकडे आणि अर्ज कसा, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर नीट विचारून घ्या. फी सवलतीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही, आणि मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते आत्ताच बघून घ्या, पैसे अडकतात ते बहुतेक तिथंच. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, यातलं जे हातात नाही त्यासाठी उद्या सकाळीच सेतूत जा, आणि जाताना मुलीच्या आईला सोबत न्या.