सल्ला देत नाही, मग लाइफ कोच करतो तरी काय?

"मॅडम, सल्लाच घ्यायचा तर आमचे काका फुकट देतात, त्याचे पैसे कशाला?" नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या ऑफिसात हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. एका क्लायंटची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीचे गृहस्थ, हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट इन्चार्ज, आईवडिलांसोबत महाल भागात घर, आणि प्रमोशनवर पुण्याला बदली आलेली. पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुम्हीच सांगून द्या न मॅडम, जाऊ का नको? मी तर विचार करून करून थकून राहिलो."

मी म्हटलं, ते मी नाही सांगणार. चेहरा पडला त्यांचा. पण मी "जा" म्हटलं असतं आणि तिकडे करमलं नसतं, तर निर्णय माझा आणि पस्तावा त्यांचा, असंच झालं असतं ना?

पुढच्या काही भेटी पगार, भाडं, मुलीची शाळा यातच गेल्या. मग एकदा बोलता बोलता आयटीआयच्या अप्रेंटिस पोरांचा विषय निघाला, एका पोराला मशीन सेटिंग कसं जमेना आणि यांनी शिफ्ट संपल्यावर थांबून कसं शिकवलं, ते सांगताना माणूस खुर्चीत पुढे सरकला, हातवारे काय, आवाज काय! मी एवढंच म्हटलं, "पुण्याबद्दल बोलताना तुम्ही असे बसत नाही."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मॅडम, मला पुणंही नाही पाहिजे आन् ही शिफ्टही नाही. मला शिकवायचं आहे."

हे मला सांगता आलं असतं का? मुळीच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारी मी, माणसाला नीट ऐकून घेतलं की तो आपली वाट शोधतो यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि त्या दिवशी तो विश्वास डोळ्यांसमोर खरा झाला, खूप समाधान वाटलं.

पण नुसतं समजून भागत नाही. पुढच्या भेटीपर्यंत काय करणार, हे मी दरवेळी त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. त्यांनी बायकोशी बोलायचं ठरवलं, मग एचआरकडे ट्रेनिंग विभागाची चौकशी केली, तिकडून आधी नकार आला, तरी सुट्टीच्या दिवशी पोरांना शिकवणं सुरू केलं. पुण्याला नाही म्हणाले आणि ते स्वतःच्या जबाबदारीवर.

आता कोच निवडताना. भारतात यासाठी सरकारी लायसन्स लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो, म्हणून ट्रेनिंग कुठं आणि किती तास झालं ते बिनधास्त विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ पासून आहे, तिच्या पहिल्या पातळीच्या सर्टिफिकेटलाही किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. फी, भेटी किती, गुप्तता, मधेच थांबायचं असेल तर काय, हे आधीच बोलून घ्या. "आयुष्य बदलून देतो" अशी गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊच नका.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल तर कोच नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञ. अशांना मी स्वतःच तिकडे पाठवते, आणि हे न करणारा कोच मला चालत नाही.