अभिनेत्री रंजना यांनी जेमतेम दहा-बारा वर्षं काम केलं, तरी लोक त्यांना विसरत का नाहीत? कोणता चित्रपट आधी पाहावा?

'अरे संसार संसार' आधी बघा. १९८१चा, दिग्दर्शक राजदत्तांचा.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी. गणपतीत मारुतीच्या पारासमोर पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. गडीमाणसं पुढून बघायची, बाया मागून. मागून सगळं उलटं दिसतं, उजवा हात डावा होतो. आईनं हा पिक्चर तसाच पाहिला. त्यात कवी विठ्ठल वाघांचं 'काळ्या मातीत मातीत तिफण चालते' हे गाणं आहे. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. आमच्याकडे गडी बैल हाकतो आणि बाई ओटीतलं बी मुठीनं चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी टाकायच्या वाटीत, सोडत मागून चालते. मूठ आवळली की तास रिकामं जातं, ढिली पडली की बी दाटतं. आईची उमर ह्यातच गेली. घरी येताना म्हणाली, "ही बाई रानात राबलेली दिसती." मी म्हणालो, अगं, ती मुंबईची आहे. "आसंल. पन कंबर दुखती तिची, दिसतंय की."

रंजनाचं मोठेपण मला तरी याहून नीट सांगता येत नाही. नव्या सुनेपासून म्हातारीपर्यंत तिची चाल कशी बदलत जाते, तेवढंच लक्ष देऊन बघा.

घर कलावंतांचं. आई वत्सला देशमुख, म्हणजे 'पिंजरा'तली आक्का, मावशी संध्या, त्याच 'पिंजरा'ची नायिका. १९७७ साली शांतारामबापूंच्या, म्हणजे व्ही. शांताराम यांच्या, 'चानी'त ती नायिका झाली. मावशीच्या नावावर तिचं भागलं असतं, पण पुढच्याच वर्षी तिनं 'सुशीला' केला. त्यातली शिक्षिका आयुष्याची धूळधाण झाल्यावर दारूला लागते. तेव्हाच्या नायिका अशा भूमिकेपासून लांबच राहायच्या. 'सत्यम शिवम सुंदरा' आम्ही शाळेत रोज म्हणायचो. ती प्रार्थना या पिक्चरमधली, हे मला फार उशिरा कळलं.

मग विनोदी पिक्चर आले. 'गुपचूप गुपचूप' (१९८३), 'बिनकामाचा नवरा' (१९८४). अशोक सराफ समोर असताना भलेभले झाकोळून जातात. ही बरोबरीनं टोला परतवते, आणि तोही हसं करून न घेता. 'मुंबईचा फौजदार'ही बघा, पण घाई नाही.

१९८७ साली शूटिंगसाठी बंगळूरकडे जाताना मोटारीला अपघात झाला आणि तिचा कमरेखालचा भाग निकामी झाला. तिशी नुकतीच ओलांडली होती. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून तिनं नाटकात काम केलं, हे मला तिच्या सगळ्या पिक्चरांपेक्षा मोठं वाटतं. ३ मार्च २००० रोजी ती गेली.

ती बातमी मी आईला पेपरातून वाचून दाखवली. नावावरून तिला ओळख पटेना. तिफणीच्या गाण्यातली म्हटल्यावर पटली. अपघाताचं वाचलं तेव्हा तिनं मला थांबवलं. "कंबरंपासनं?" एवढंच विचारलं, आणि सुपातले गहू तसेच ठेवून बराच वेळ बसून राहिली.