फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली एकाच प्रवासात पाहायचे असल्यास शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वाधिक दिवसांचा आहे, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा. विमान प्रथम कोठे उतरते यावर हे सहसा ठरत नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेतील पाचव्या कलमानुसार मुक्कामाचे दिवस किंवा प्रवासाचा हेतू यांवरून मुख्य ठरणारा देश अर्ज तपासतो, आणि तिन्ही देशांत सारखेच दिवस राहणार असल्यामुळे असा देश ठरवता येत नसेल, तरच प्रथम प्रवेशाचा देश विचारात घेतला जातो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून तेथील दिवसही याच हिशेबात धरावेत. मात्र एखाद्या देशात परिषद किंवा व्यावसायिक बैठक हेच प्रवासाचे खरे कारण असेल आणि उरलेले दिवस केवळ पर्यटनाचे असतील, तर दिवस कमी असूनही तो देश मुख्य ठरू शकतो.

भेटीची वेळ लवकर मिळते एवढ्याचसाठी दुसऱ्या देशाकडे अर्ज करण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळलेला बरा, कारण हॉटेलची आरक्षणे आणि प्रवासाचा आराखडा यांत विसंगती दिसल्यास हेतूविषयी शंका घेऊन व्हिसा नाकारला जाऊ शकतो. त्यापेक्षा अर्ज लवकर करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो स्वीकारला जातो आणि निर्णयाची नेहमीची १५ दिवसांची मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते.