परदेशी निधीचा प्रस्ताव आखताना गावातल्या गटांना कधी आणि कसे बरोबर घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे : आपली पुण्याची संस्था धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वीस गावांसाठी पिण्याचे पाणी व मृदसंधारण यांचा प्रस्ताव एका युरोपीय निधीदात्याकडे पाठवणार आहे, हातात दोन महिने आहेत, आणि अर्जाच्या नमुन्यात 'स्थानिक गटांचा नियोजनातील सहभाग' असा एक रकाना आहे. तो रकाना नुसता भरायचा नसून सहभाग खरोखर घ्यायचा आहे, तर सुरुवात कोठून करावी? साक्री तालुक्यात पाणलोटाच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि असे प्रस्ताव मी स्वतः लिहिले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

अडचण कोणती आहे हे ठरण्याआधी गाव एकदा बसले पाहिजे, आणि अंदाजपत्रकावर शेवटचा हात फिरण्याआधी ते पुन्हा बसले पाहिजे. या दोन बैठका झाल्या नाहीत, तर मधल्या काळात कितीही सभा घेतल्या आणि कितीही छायाचित्रे जोडली तरी त्याला सहभाग म्हणता येत नाही.

मी हे चुकून शिकलो. माझ्या पहिल्या प्रस्तावात एका पाड्यावरच्या विहिरीवर सौर पंप आणि वर टाकी असे काम होते. कागद पूर्ण झाल्यावर मी पाणी समितीची सभा बोलावली, तासाभरात सारे वाचून दाखवले आणि "चालेल ना?" असे विचारले. सगळे "चालेल" म्हणाले, सह्या झाल्या, निधीही मिळाला. पंप बसला आणि माघ सरताच बंद पडला, कारण त्या विहिरीचे पाणी दरवर्षी होळीच्या आधीच तळाला जाते. पाड्यावरच्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होते, पण मी कोणाला विचारलेच नव्हते. तेव्हापासून "चालेल" या शब्दाची मला धास्ती वाटते. आपल्याकडे तयार कागद समोर आणणाऱ्या पाहुण्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. "चालेल" याचा अर्थ 'आम्ही आड येणार नाही' एवढाच असतो, 'आम्हाला हे हवे आहे' असा नसतो.

पुढच्या वेळी मी कोरा कागदसुद्धा नेला नाही. मारुतीच्या पारासमोर बायकांनी राखेने नाला ओढला, विहिरींसाठी दगड ठेवले, आणि जी विहीर जितके महिने आटलेली असते तितके चिंचोके तिच्या दगडाजवळ मांडले. एका म्हाताऱ्या आजींनी सगळ्यांत वरच्या अंगाला असलेला एक दगड उचलून दोन हात खाली सरकवला आणि तिथे पूर्वी झरा होता, भराव पडल्याने बुजला, असे सांगितले. आमच्या सर्वेक्षणात तो झरा नव्हता. तो मोकळा करणे हेच पुढे प्रस्तावातले पहिले काम ठरले.

अंदाजपत्रकाची बैठक त्याहून अवघड जाते, आणि नेमकी तीच बहुतेक संस्था टाळतात. मी एकदा आकडे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. समितीतले एक काका बराच वेळ ते वाचत उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, कागद चांगला शे, पन त्याम्हा आमनं पानी कोठे शे?" प्रशिक्षण, प्रवास, अहवाल आणि 'क्षमता बांधणी' यांची बेरीज प्रत्यक्ष कामाच्या रकमेच्या जवळ गेली होती. मला उत्तर देता आले नाही. दोन रात्री बसून ते अंदाजपत्रक पुन्हा लिहिले, आणि निधीदात्याने बदलाचे कारण विचारले तेव्हा काकांचे ते वाक्य भाषांतर करून पाठवले.

ही बाब खानदेशाला नवी नाही. नर्मदेकाठच्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. त्या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा या गावांशी पुरेशी बोलणी झालेलीच नव्हती. लोकांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिने जून १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत नियोजन सदोष असल्याचे सांगितले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केले. आज जगभरच्या निधीदात्यांच्या नमुन्यांत आपल्याला जो रकाना दिसतो, त्याच्या मागे मणिबेलीसारख्या आपल्या गावांनी सोसलेले बरेच काही आहे, असे मी मानतो. म्हणून तो घाईने भरला की मला वाईट वाटते.

चांगली उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. जर्मन मदतीच्या पाणलोट कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, आणि प्रत्येक गट नंबरावर त्या शेतकरी पती-पत्नींना सोबत घेऊन बांधाची जागा ठरवायची, अशी रीत होती. बायको सोबत असावी हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो, कारण चारा आणि सरपण कोठून येते हे तिला माहीत असते. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या आणि जळगाव जिल्हाही ज्यात आहे त्या पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात गावाचा सूक्ष्म आराखडा ग्रामसभेने मंजूर करायचा असतो. जिथे तो आराखडा शिवारफेरी काढून केला जातो आणि जिथे तो कार्यालयात बसून भरला जातो, त्या गावांतला फरक वाचताक्षणी कळतो.

आता 'गट' कोणता धरायचा? नोंदणी क्रमांक असलेलीच संस्था शोधाल तर गावातली अर्धी शहाणी माणसे सुटतील. पांझरेच्या काठी फड पद्धतीने काही शतके पाणी वाटले गेले. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला, म्हणजे शेतांच्या कोणत्या पट्ट्याला, कधी द्यायचे, कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यांची पंचकमिटी ठरवी आणि पाटकरी ते राबवी. हे ज्ञान कोणत्याही नोंदणी प्रमाणपत्रावर नसते. बचत गट आणि त्यांचा ग्रामसंघ, पाणी वापर संस्था, वनहक्क समिती, तरुण मंडळ, भजनी मंडळ, या सगळ्यांना बोलवा, पण वेगवेगळे बसवा. सरपंचांसमोर वनहक्क समिती मोकळेपणाने बोलेलच असे नाही, आणि पुरुषांसमोर बायका पाण्यावर बोलतील, दारूवर बोलणार नाहीत. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात, आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याप्रमाणे, ग्रामसभा पाड्याचीही असू शकते. ग्रामपंचायतीचा एक ठराव घेऊन पाच पाडे मोजू नका. भिली आणि पावरी बोलणारा माणूस सोबत हवा, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी आपल्या खर्चात हवी. स्वयंसेवेच्या नावाखाली गरिबाचा दिवस फुकट घेणे मला पटत नाही.

वेळापत्रक पंचांग पाहून करा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून कोणी लवकर परत येत नाही. दिवाळीनंतर साक्री, नवापूर, धडगाव या भागांतून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. डिसेंबरात सभा घेतलीत तर नेमकी सर्वांत गरजू घरे कुलूपबंद असतील आणि ठरावावर त्यांच्या वतीने दुसरेच अंगठे देतील. आपले दोन महिने त्या काळात येत असतील, तर वीस गावांऐवजी सहाच घ्या, बाकीची पुढच्या टप्प्यात ठेवा, आणि निधीदात्याला त्याचे कारण स्पष्ट लिहा. माझ्या अनुभवात अशा प्रांजळ पत्राने प्रस्ताव दुबळा झालेला नाही.

कायद्याची एक गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगून टाका, नंतर सांगितली तर विश्वास तुटतो. परकीय योगदान विनियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. म्हणजे गावचे मंडळ आपल्यासोबत आराखडा करील, देखरेख करील, पण पैसे त्याच्या खात्यात जाणार नाहीत. खर्च आपल्यालाच थेट करावा लागेल. निधी थेट आपल्या मंडळाला मिळेल अशा आशेवर तरुण मंडळे महिनोन्महिने राबलेली आणि शेवटी दुखावलेली मी पाहिली आहेत. पैसे आपल्याकडेच राहणार असल्यामुळे प्रत्येक बिल समितीसमोर वाचले जाईल आणि कामाचा फलक गावात लागेल, हे प्रस्तावातच लिहून घ्या.

आणि प्रस्ताव पाठवण्याआधी त्याचा मराठी मसुदा, अंदाजपत्रकासह, प्रत्येक गावात निदान आठ दिवस राहू द्या. तो नामंजूर झाला तर ते सांगायलाही स्वतः जा. आमचा एक प्रस्ताव नामंजूर झाला तेव्हा मी गावात जायला पंधरा दिवस लावले, कारण तोंड कसे दाखवावे हेच कळत नव्हते. गेलो तेव्हा समितीने राखेचा तो नकाशा वहीत उतरवून ठेवलेला होता. त्यातली तीन कामे त्यांनी ग्रामसभेत रोजगार हमीच्या आराखड्यात घातली, आणि झरा मोकळा करण्याचे काम त्यातलेच पहिले होते.