नेटवर्क ड्रायव्हर एक्स८६ वर नीट चालतो, एआरएम६४ बोर्डावर मात्र मधूनच पॅकेटची लांबी चुकीची येते. प्रिंटके (लिनक्स कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) टाकलं की बग गायब. शोधायचं कसं?

प्रिंटके टाकल्यावर बग पळतो, ही तुमच्या हाती लागलेली पहिली खूण. प्रिंटके आत लॉक घेतो, वेळ खातो, आणि तेवढ्यात उशिरा पोचणारी किंमत पोचलेली असते. ती ओळ 'उपाय' म्हणून कोडमध्ये ठेवू नका. (वर 'काढू नका' अशी कॉमेंट टाकून ठेवलेली मी पाहिली आहे.)

तुमच्या कोडमध्ये आधी डिस्क्रिप्टरमधला (पॅकेटची माहिती ठेवणारी, ड्रायव्हर आणि डिव्हाइस दोघंही वापरतात ती मेमरीतली नोंद) 'डन', म्हणजे 'काम झालं' सांगणारा बिट तपासला जातो आणि तो लागलेला असेल तर पुढच्या ओळीत लांबी वाचली जाते. कागदावर क्रम चोख आहे. पण एआरएम६४ प्रोसेसर 'इफ'चा निकाल लागायच्या आधीच अंदाजाने पुढे जाऊन लांबी वाचून ठेवू शकतो. मग बिट नवा मिळतो, लांबी जुनी. 'इफ'मुळे त्यानंतरचं लिहिणं थांबून राहतं, वाचणं नाही. भलेभले इथे फसतात. एक्स८६ वर साध्या मेमरीतल्या दोन वाचनांचा क्रम प्रोसेसर पाळतो, म्हणून तिथे वर्षानुवर्षं काही दिसत नाही. तिथेही कंपायलरने ओळी मागेपुढे केल्या तर हेच होईल.

यावर उपाय बॅरिअर, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना. पण तो टाकायच्या आधी खात्री करून घ्या. डिस्क्रिप्टर डिव्हाइसला देताना लांबीच्या जागी एक अशक्य किंमत भरून ठेवा. 'डन' दिसूनही तीच किंमत मिळाली, तर तिथल्या तिथे रीड_वन्स() ने (कंपायलरला खरंच मेमरीतून वाचायला लावणारा मॅक्रो) लांबी पुन्हा वाचा आणि दोन्ही किमती ट्रेस_प्रिंटके() ने नोंदवा. तो प्रिंटकेपेक्षा खूपच हलका आहे. दुसऱ्यांदा बरोबर लांबी आली तर दुखणं क्रमाचं. पुन:पुन्हा वाचूनही चूकच येत असेल, किंवा पॅकेटमध्ये ६४ बाइटचे सलग तुकडे जुने दिसत असतील, तर संशय कॅशवर घ्या: बोर्डाचं डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) कोहेरंट नसेल, म्हणजे त्याने लिहिलेलं सीपीयूच्या कॅशला आपोआप कळत नसेल, आणि डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू() राहून गेलं असेल. त्यावर कितीही बॅरिअर टाका, फरक पडणार नाही.

क्रमाचंच दुखणं निघालं, तर बिट तपासल्यानंतर आणि लांबी वाचायच्या आधी डीएमए_आरएमबी() हा वाचनाचा बॅरिअर टाका. एसएमपी_आरएमबी() नको. तो दोन सीपीयूंमधल्या व्यवहारासाठी आहे आणि एकाच सीपीयूसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये नुसता कंपायलर बॅरिअर होतो. डिव्हाइस तर तिथेही असतंच. 'व्होलाटाइल लावा' असा सल्ला हमखास मिळेल. त्याने कंपायलर आवरतो, प्रोसेसर नाही.

प्रत्येक बॅरिअरला समोर जोडीदार लागतो. इथे तो डिव्हाइसच्या बाजूला आहे: ते आधी लांबी लिहितं, मग बिट. डेटाशीटमध्ये हा क्रम दिलेला आहे का ते बघा, आणि बॅरिअरच्या वर कॉमेंटमध्ये जोडीदाराचं नाव लिहा. ते लिहिता येत नसेल तर तो बॅरिअर अंदाजपंचे टाकलेला आहे.

हत्यारांबद्दल थोडक्यात. केसीसॅन हा डेटा-शर्यती (एकाच किमतीवर एकाच वेळी होणारी बेशिस्त वाचन-लेखनं) शोधणारा तपासनीस लिनक्स ५.८ पासून (२०२०) कर्नलमध्ये आहे आणि सीपीयू-सीपीयूमधल्या शर्यती छान पकडतो, पण डिव्हाइसने डीएमएने काय लिहिलं ते त्याला दिसत नाही. ४.१७ (२०१८) पासून कर्नलच्या टूल्स/मेमरी-मॉडेल फोल्डरमध्ये मेमरी मॉडेल (कोणते क्रम शक्य आहेत याचे नियम) आहे. त्यावर हर्ड७ या प्रोग्रॅमने छोटी लिटमस टेस्ट (काही ओळींचा नमुना कोड) चालवली की 'असं होऊ शकतं का' याचं उत्तर बोर्डाशिवाय मिळतं. फक्त डिव्हाइसच्या जागी दुसरा सीपीयू कल्पावा लागतो.

आता त्याच ड्रायव्हरची पाठवण्याची बाजूही तपासा. तिथे पत्ता आणि लांबी लिहून झाल्यावर, मालकीचा बिट (डिस्क्रिप्टर आता डिव्हाइसचा, असं सांगणारा) लावण्याआधी डीएमए_डब्ल्यूएमबी() हा लेखनाचा बॅरिअर हवा. शेवटी डोअरबेल (नवं काम आलंय हे डिव्हाइसला सांगणारं रजिस्टर) राइटएल() ने वाजवत असाल तर आधीचं लिखाण डिव्हाइसला दिसेल याची हमी त्यातच आहे. वेग वाढवायला कुणी तिथे राइटएल_रिलॅक्स्ड() घातलं असेल तर ती हमी गेली, आणि एक्स८६ वर याचाही पत्ता लागत नाही.